नासा एक्झोप्लॅनेट अर्काइव्ह : ५५ कॅन्क्रीचे आकडे नेमके कुठून घ्यावेत

बाह्यग्रहांच्या, म्हणजे सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या आकडेवारीसाठी कॅल्टेकमधून चालणाऱ्या या मोफत संग्रहाला तोड नाही. खाते उघडावे लागत नाही आणि कोणता आकडा कोणत्या शोधनिबंधातला हेही तिथेच कळते. तरीही इथले आकडे चुकीच्या पद्धतीने वापरले जातात. कारण बहुतेकदा एकच असते, तक्त्याची चुकीची निवड.

५५ कॅन्क्री घ्या. कर्क राशीतला, सुमारे ४१ प्रकाशवर्षांवरचा, सूर्याहून थोडा लहान आणि थंड तारा, भोवती पाच ग्रह. ‘कॉम्पोझिट’ तक्ता प्रत्येक ग्रहाला एकच ओळ देतो. रकाने रिकामे राहू नयेत म्हणून वेगवेगळ्या निबंधांतले आकडे एकत्र आणतो आणि त्रिज्या मोजलेली नसेल तर वस्तुमानावरून अंदाजाने भरतो. इथे अधिक्रमणातून (ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो त्यावरून) त्रिज्या मिळाली आहे ती फक्त सर्वांत आतल्या ‘ई’ ग्रहाची. बाकी चौघांची घनता या तक्त्यावरून काढली, तर तो अंदाजच उलटा फिरवून हाती येतो. वस्तुमानेही ताऱ्याच्या डगमगण्यावरून काढलेली, म्हणजे बहुतेक किमान वस्तुमाने, खरे वस्तुमान त्याहून जास्त असू शकते. शेजारचा स्रोताचा रकाना वाचल्याशिवाय ती उचलू नका.

गणितासाठी ‘प्लॅनेटरी सिस्टिम्स’ हाच तक्ता घ्या. त्यात दर निबंधाची वेगळी ओळ असते. ‘डिफॉल्ट पॅरामीटर सेट’च्या रकान्यात १ टाका, की प्रत्येक ग्रहाची एकच, सुसंगत ओळ उरते. निबंधाचे वर्ष मात्र पाहायलाच हवे. ‘ई’चा परिभ्रमणकाळ २००४ मध्ये २.८ दिवस असा प्रसिद्ध झाला होता. रोज रात्रीच निरीक्षण होत असल्यामुळे खरा आवर्तनकाळ लपला होता. २०१० मध्ये तो सुमारे ०.७४ दिवस असल्याचे दाखवले गेले आणि २०११ मध्ये अधिक्रमण दिसल्यावर शंका उरली नाही. (या ग्रहाचे अधिकृत नाव जॅन्सन. दुर्बिणीच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते डच चष्मेकार झकारियास जॅन्सन ते हेच.)

तक्ता उतरवून घेतल्यावर मिळणाऱ्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) फाइलच्या सुरुवातीला # ने सुरू होणाऱ्या माहितीच्या ओळी येतात. एक्सेलमध्ये त्यामुळे रकान्यांची शीर्षके खाली ढकलली जातात. आधी त्या पुसा. पायथनच्या पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीमध्ये # ही टिप्पणीची खूण असल्याचे सांगितले की पुरते.

निरीक्षकांसाठी खरी मोलाची आहे ती अधिक्रमणांचे वेळापत्रक देणारी सोय. ग्रह, आपले अक्षांश-रेखांश आणि तारखा भरा. जागतिक वेळेत आलेल्या उत्तरात साडेपाच तास मिळवा. ‘ई’च्या मागे मात्र लागू नका, त्यामुळे ताऱ्याचा प्रकाश जेमतेम ०.०३ टक्के घटतो. सुरुवात एचडी २०९४५८ या सूर्यासारख्याच ताऱ्यापासून करा. तिथली घट सुमारे दीड टक्का आहे, सहा-आठ इंची दुर्बिणीला कॅमेरा जोडून ती पकडता येते. अधिक्रमण तीन तासांचे असते. आधीचा आणि नंतरचा एकेक तासही टिपा, नाहीतर घट कशाच्या तुलनेत मोजायची हेच ठरत नाही.