क्लिंगनची सर्वनामं: आठ महिन्यांच्या सरावानंतर

आठ महिने रोज अर्धा तास क्लिंगन शिकतोय, म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगन या परग्रहवासीयांसाठी रचलेली भाषा. साधनं दोनच, मोबाईलवरचा एक कोर्स आणि ही भाषा रचणारे मार्क ओक्रँड यांचा १९८५ सालचा शब्दकोश. उच्चारांची धास्ती होती, पण ड आणि ष आपल्या तोंडात आधीपासूनच आहेत. अडलो ते सर्वनामांपाशी, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहितो.

सर्वनामं मोजून आठ. जिख़ म्हणजे मी, षोख़ म्हणजे तू. ग़ाख़मध्ये तो आणि ती दोघंही येतात, कारण इथे लिंगभेद नाही. त्याऐवजी बोलता येणारे आणि न येणारे असा भेद आहे: अनेक माणसांसाठी 'ते' म्हणजे 'चाख़', खुर्च्यांसाठी 'बिख़'. आदरार्थी रूप नाही. कर्णधारालाही षोख़च म्हणायचं, आणि याची सवय व्हायला मला फार वेळ लागला. आम्ही आणि आपण, दोन्हींना एकच 'माख़'. ही उणीव मात्र अजून खटकते.

सुरुवातीला मी प्रत्येक वाक्यात सर्वनाम घालायचो. त्याची गरजच नसते. क्रियापदाला लागलेला उपसर्ग कर्ता आणि कर्म दोन्ही सांगतो. 'लेग़' म्हणजे पाहणे. क़ालेग़: मी तुला पाहतो. चोलेग़: तू मला पाहतोस. विलेग़: मी त्याला पाहतो. असे २९ उपसर्ग! तक्ता घोकून जीव मेटाकुटीला आला. मग एकदा जेवताना सुचलं, 'तू भाकरी खाल्लीस' यातली 'ली' भाकरीची आणि 'स' तुझा. एकाच क्रियापदात दोघंही! त्या दिवशी इंग्रजीतून समजून घेणं सोडलं आणि सराव मराठीवरून सुरू केला. फरक लगेच पडला.

मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे 'असणे' या अर्थाचं वेगळं क्रियापद नाही, ते काम सर्वनामच करतं. 'त्लिङान जिख़', म्हणजे 'मी क्लिंगन'. आपणही 'मी मराठी' म्हणतोच, फक्त क्रम उलटा. 'माझी आई डॉक्टर आहे' हे 'डॉक्टर ती आई माझी' अशा क्रमाने येतं, आणि शेवटी आईला 'ए' प्रत्यय लागतो. हा 'ए' मी अजूनही विसरतो. 'मी घरी आहे' म्हणजे 'जुख़डाक़ जिख़ताख़'. यातला 'ताख़' हा क्रियापदाचा प्रत्यय, तो थेट सर्वनामाला चिकटलाय.

'त्याने त्याला पाहिलं' अशा वाक्यांना उपसर्गच नसतो, नुसतं 'लेग़'. कोणी कोणाला पाहिलं ते संदर्भावरून ओळखायचं, नाहीतर ग़ाख़ घालायचं. सध्या माझा सराव तिथेच चालू आहे.