इंग्लंडच्या जुन्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदी : आठ महिने वापरून झाल्यावर

जावई इंग्लंडचा. नातीच्या वंशावळीत आमची बाजू भरगच्च आणि तिच्या वडिलांच्या बाजूला पणजोबांनंतर कोरा कागद, हे मला बघवेना. जावयाला विचारलं तर म्हणाला, ‘शोधा की तुम्हीच.’ त्याला वाटलं मी विसरेन.

इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. तिची सूची ऑनलाइन दोन ठिकाणी मिळते: स्वयंसेवकांनी उतरवून काढलेली फ्रीबीएमडी, आणि जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कार्यालयाची स्वतःची. पहिले दोन महिने मी फक्त पहिलीच वापरली, ही चूक. फ्रीबीएमडीने उतरवलेल्या जुन्या सूचीत बाळाच्या आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच दिसतं. सरकारी ऑनलाइन सूचीत ते थेट १८३७ पासून घातलंय. ते आडनाव टाकलं आणि पाच भावंडं एका खाली एक आली. त्यातल्या दोघांचा घरात कुणाला पत्ताच नव्हता.

विवाह मात्र त्या सरकारी सूचीत नाहीत, तिथे फ्रीबीएमडीच हवी. १९१२ च्या आधी जोडीदाराचं आडनावही सूचीत नसतं, फक्त नोंदणीचा जिल्हा, नोंदवहीचा खंड आणि पान. एका पानावर एकाहून जास्त लग्नं, त्यामुळे यातल्या कुणाचं कुणाशी लागलं हे दाखला मागवेपर्यंत कळत नाही. मी एकदा पैसे भरून भलत्याच जोडप्याच्या लग्नाला हजेरी लावली.

आणखी एक गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. सूची जन्मतारखेची नसते, नोंद झाली त्या तिमाहीची असते. नोंदीला ४२ दिवसांची मुदत, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस जन्मलेलं मूल खुशाल जून तिमाहीत सापडतं. जून तिमाही म्हणजे एप्रिल ते जून; नाव शेवटच्या महिन्याचं.

माझी सगळ्यात महाग चूक एका विल्यमची. गाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, मी पुढच्या दोन पिढ्या बांधून मोकळी. मग सहज मृत्यूची सूची चाळली तर तो विल्यम अकरा महिन्यांचा होऊन गेलेला. तीन वर्षांनी झालेल्या भावाला आईबापांनी तेच नाव ठेवलं होतं. आता जन्म सापडला की आधी लहानपणीचा मृत्यू शोधते, मगच पुढे. पहिल्या विल्यमच्या मृत्यूच्या दाखल्यावर माहिती देणारी म्हणून आईचं नाव, आणि सहीच्या जागी फुली. त्या दिवशी मी संगणक बंद केला.

माहिती देणारा कोण, हा रकाना मी आता सगळ्यात आधी वाचते. जन्माच्या वेळी बहुधा आईच बोलते, तिला माहीत असतं. मृत्यूच्या वेळी जावई, शेजारी, कधी घरमालकीण. वय अंदाजे ठोकलेलं. एका आजीबाईंचं वय मृत्यूच्या दाखल्यात खऱ्यापेक्षा सहा वर्षांनी जास्त निघालं. लग्नाच्या दाखल्यावर वयाच्या जागी नुसतं ‘सज्ञान’ असं असलं तर २१ पूर्ण, एवढाच अर्थ घ्यायचा. आणि तिथे दोन्हीकडच्या बापांची नावं, धंदे सगळं; आयांचा उल्लेख २०२१ च्या मे महिन्यापर्यंत नव्हताच! पावणेदोनशेहून जास्त वर्षं.

जावयाची आजी स्कॉटलंडची निघाली, तेव्हा जीव सुखावला. तिथली नोंदणी १८५५ ची, म्हणजे उशिरा, पण मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा आईवडील दोघांची नावं, आईचं माहेरचं आडनावही. इंग्लंडच्या तिघांसाठी मला जितका वेळ लागला, तेवढ्यात तिकडच्या तीन पिढ्या झाल्या.

एका पैसे भरायच्या संकेतस्थळाचं सभासदत्वही घेतलं होतं, तीन महिन्यांनी सोडलं. नोंदींच्या प्रतिमा चांगल्या होत्या. पण तिथे दुसऱ्यांनी बनवलेल्या वंशावळींतून ‘हे तुमचेच पूर्वज असतील’ अशा सूचना सारख्या यायच्या, आणि माझा अकरा महिन्यांचा विल्यम त्यातल्या चार वंशावळींत नातवंडांसह नांदत होता.

दाखला मागवताना एक पाहा. ज्या जन्मांची आणि मृत्यूंची नुसती डिजिटल प्रत मिळते, तिथे तीच घ्या. पूर्ण दाखल्यापेक्षा बरीच स्वस्त पडते आणि मजकूर तोच.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो विवाहांच्या सूचीसाठी. विल्यमच्या आईबापांचं लग्न अजून सापडलेलं नाही. आडनाव सहा तऱ्हांनी लिहून पाहिलं, शेजारचे जिल्हे झाले, पहिल्या मुलाच्या आधीची दहा वर्षं झाली. आता नंतरची वर्षं बघायला घेतली आहेत. जावयाला अजून सांगितलेलं नाही.