सासूबाईंच्या पणजोबांचं गाव आणि माझे 650 डॉलर

लांबलचक आहे पण वाचा, ज्यांची सासरची मंडळी जर्मन वंशाची आहेत त्यांनी तर नक्कीच.

आम्ही मिलवॉकीला असतो. सासूबाईंचे पणजोबा 1881 ला जर्मनीहून आले एवढंच घरात माहीत, गाव कुणालाच माहीत नाही, सेन्ससमध्ये बघितलं तर जन्मस्थान नुसतं 'प्रशिया', म्हणजे कुणी गाव विचारलं की 'मुंबई इलाखा' सांगावं तसं. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला गाव शोधून द्यायचं मी ठरवलं. वाटलं सोपं असेल, त्र्यंबकेश्वरला आमच्या गुरुजींनी वही काढून पाच मिनिटांत आजोबांची सही दाखवली होती. पण गुरुजीही आधी गाव विचारतात ना! जर्मनीतही तेच, चर्चची रजिस्टरं गावोगावची, गावच माहीत नाही तर उघडणार कुठलं?

ऑनलाइन एक 'रिसर्चर' भेटला, बोलायला एकदम गोड. आधी 450 डॉलर घेतले, तीन आठवड्यांनी म्हणे गाव सापडलंय, तिथल्या अर्काइव्हची 200 फी भरली की नाव कळवतो. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. नोंद कुठल्या रजिस्टरची, पान कुठलं, हे विचारायचं सुचलंच नाही, भरले. मग पीडीएफ आली, त्यात घराण्याची रंगीत ढाल, गाव 'नॉयश्टाट', सोबत जर्मनीतल्या ब्रेमेन बंदरातून निघालेल्या प्रवाशांची यादी आणि एलिस आयलंडचा, म्हणजे न्यूयॉर्कला बाहेरून येणारी माणसं जिथे उतरायची तिथला, शिक्का. सासूबाईंनी लगेच फ्रेम करून हॉलमध्ये लावलं.

लायब्ररीत वंशावळीचं बघणाऱ्या बाईंना कौतुकाने फोटो दाखवला तर त्या शिक्क्यावर बोट ठेवून हसल्याच. एलिस आयलंड सुरू झालं 1892 ला, त्याआधी न्यूयॉर्कला येणारी माणसं कॅसल गार्डनला उतरायची. ब्रेमेनच्या त्या वर्षांच्या याद्या तर तिथल्याच लोकांनी जागा नाही म्हणून नष्ट केल्या होत्या, मग याला कुठून मिळाली? हॅम्बुर्ग बंदराच्या याद्या आहेत, 1850 ते 1934, त्यात गावही असतं, पण आमचे पणजोबा त्यात नाहीत. आणि नॉयश्टाट म्हणजे आपलं नवेगाव, जर्मनीत ढिगाने आहेत.

त्याचा फोन बंद. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत.

गावाचा थोडाफार पत्ता शेवटी लागला तो सासूबाईंच्याच ल्युथरन चर्चच्या तळघरात, तोही फुकट. तिथल्या जुन्या पास्टरनी मृत्यूच्या नोंदीत जन्मगाव लिहून ठेवलंय, पण कुरंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत, आपली मोडी परवडली, त्यात e पण n सारखा दिसतो. लायब्ररीवाल्या बाईंनी भिंग लावून 'रेगेनवाल्डे' एवढं लावलं, तो प्रशियाच्या पोमेरानिया प्रांतातला जिल्हा, त्याच नावाचं शहर आता पोलंडमध्ये आहे, नाव रेस्को. खेड्याचं नाव अजून लागायचंय, त्यावर शाईचा डाग आहे.

फ्रेममधून यादी काढली. ढाल सासूबाई काढू देत नाहीयेत, रंग छान आहेत म्हणतात.