सिंक तुंबलंय: पावडर की प्लंबर?

शेजारच्या वहिनींचा प्रश्न. पावडर स्वस्त, हे खरं. तिच्यातला कॉस्टिक सोडा तेलकट थर सोडवतो, पण पाण्यात भयंकर तापतो. हात भाजतात, पीव्हीसी पाइप मऊ पडू शकतो. पावडरीवर अ‍ॅसिड कधीच ओतू नका.

प्लंबर महाग, पण स्प्रिंग घालून बोळा बाहेर ओढतो. आमच्या पाइपातून भाताच्या शितांत गुरफटलेली घासणीची तार निघाली. ती पावडरीने गेलीच नसती.

पाणी हळू उतरत असेल तर आधी सिंकखालची बाटली (पाइपाचा गाळ साठणारा, फिरवून उघडणारा भाग) उघडून धुवा, मग पावडर. पाणी पूर्ण थांबलं, मोरीतून उलटं येऊ लागलं, तर प्लंबरच. पावडर टाकली असेल तर त्याला आधी सांगा, त्याचे डोळे वाचतील. बाहेरचं गटाराचं चेंबर भरलं तर मशीनची गाडी बोलवा. सुरक्षासाधनांशिवाय माणूस आत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.