स्वस्तातला ओपनडब्ल्यूआरटी राउटर : १०० च्या लाइनवर सोनं, ३०० वर पॅकेट ड्रॉप

हनुमान नगरातल्या आमच्या अभ्यासिकेत हा दोन कोअरचा राउटर उन्हाळ्याच्या आधीपासून चालू आहे. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत प्रणाली) टाकून त्यावर केक नावाचा शेपर लावला होता, म्हणजे वेगाला मर्यादा घालून लाइन सगळ्यांत वाटून देणारा प्रोग्रॅम. १०० एमबीपीएसची पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणारी) लाइन, शेपरची मर्यादा ९२ वर. हॉल भरलेला असताना कोणी मोठी फाइल ओढत असला तरी शेजारच्या पोराचं लाइव्ह लेक्चर अडकत नसे. मे महिन्याच्या उन्हातही डबा एकदा बंद पडला नाही. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग लाइन ३०० ची झाली. शेपर २७५ वर नेला आणि संध्याकाळचे सात वाजले की टेस्ट सिरीजची पानं अर्धवट उघडायला लागली, व्हिडिओ तुटायला लागले. तक्रार केल्यावर लाइनमन आला आणि म्हणाला, "भाऊ, लाइन तं एकदम ओके आहे. ५०० चा प्लॅन घेऊन टाका ना." काही न तपासता गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालायचा, याची मला मनापासून चीड आहे. गर्दीत पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, कुठे मरतात ते तरी बघा!

बरेच जण टीसी या कमांडमधले शेपरचे आकडे बघून घाबरतात. केकचे 'ड्रॉप्स' वाढणं म्हणजे बिघाड नव्हे. टीसीपीने (डेटा पाठवायची नेहमीची पद्धत) वेग कमी करावा म्हणून शेपर मुद्दाम पॅकेट टाकून देतो. केकमधल्या कोडेल या रांग छोटी ठेवणाऱ्या पद्धतीचं ५ मिलिसेकंदांचं टार्गेट (रांगेत चालेल इतका उशीर) आणि १०० चं इंटरव्हल (तो उशीर किती वेळ टिकला की ड्रॉप सुरू करायचे) त्यासाठीच आहे. 'ओव्हरलिमिट्स' तर ड्रॉप नव्हेतच, वेगमर्यादेमुळे पॅकेट थांबवल्याची ती नोंद. आमच्याकडे ३०० वर गेल्यावर केकचे ड्रॉप उलट कमी झाले होते, तरी व्हिडिओ तुटत होते. याचा अर्थ, पॅकेट शेपरपर्यंत पोचतच नव्हती.

मेख सापडली ती राउटरच्या प्रॉक-नेट फोल्डरमधल्या सॉफ्टनेट-स्टॅट या फाइलमध्ये. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरने पॅकेट कशी हाताळली ते तिथे दिसतं. एका कोअरची एक ओळ, आकडे हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत). पहिला रकाना हाताळलेल्या पॅकेटांचा, दुसरा टाकलेल्यांचा, तिसरा वेळ पुरली नाही त्याचा. सातच्या सुमारास पहिल्या ओळीचा दुसरा रकाना भराभर चढत होता, दुसरी ओळ जवळपास जागेवर. 'टॉप' कमांडमध्ये एसआयआरक्यू, म्हणजे मुख्यतः पॅकेट हाताळण्यात गेलेला प्रोसेसरचा वेळ, ५० टक्के दिसायचा. वाटतं निम्मा प्रोसेसर मोकळा आहे, पण दोन कोअरवर ५० म्हणजे एक कोअर पूर्ण तुंबलेला. पीपीपीओईवरून येणारं प्रत्येक पॅकेट शेपरच्या आधी कोअरच्या एका रांगेत जातं, तिची मर्यादा मुळात १०००. ती भरली की लेक्चरचं असो की डाउनलोडचं, येईल ते पॅकेट बाहेर. केक प्रत्येकाला वाटा देतो, ही रांग कोणाला ओळखतच नाही.

रांग ५००० केली. ड्रॉप थांबले आणि पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) वर गेला, कारण साठा फक्त शेपरच्या अलीकडे सरकला. हार्डवेअर ऑफलोड (पॅकेट प्रोसेसरऐवजी थेट चिपमधून पाठवणं) चालू करायचा सल्ला दुकानदाराने दिला. स्पीड टेस्ट झकास आली, पण ट्रॅफिक शेपरला वळसा घालून जातं, मग एका डाउनलोडने अख्खा हॉल बसतो. शेपिंगसाठी घेतलेल्या डब्यात शेपिंगच नको, हा कुठला उपाय?

शेवटी रांग परत १००० केली, पॅकेट स्टीअरिंग चालू केलं म्हणजे दुसरा कोअरही कामाला लागला, केकऐवजी एचटीबी (वेगमर्यादेसाठी) आणि एफक्यू-कोडेल (वाटणीसाठी) ही हलकी जोडी लावली, आणि मर्यादा २१० वर आणली. दुसरा रकाना आता भर गर्दीतही हलत नाही. रोज सातला मी तोच बघतो.

१०० ते १५० ची लाइन असेल तर हा डबा डोळे झाकून विकत घ्या. ३०० पूर्ण शेप करायची असेल तर दमदार चार कोअरचं यंत्र किंवा घरात पडलेला जुना पीसी बघा, या डब्याच्या नादी लागू नका. मी नवीन काही घेत नाहीये. २१० च्या वरचे पैसे वायाच जातात, पुढचं रिचार्ज १५० एमबीपीएसचं मारणार आणि केक परत लावणार.