रेल्सच्या टेस्ट लवकर संपवायच्यात: स्प्रिंग, बूटस्नॅप की समांतर टेस्ट?

राजारामपुरीतल्या आमच्या पाच जणांच्या टीमला हा प्रश्न पडला होता. तुम्हालाही पडला असेल तर आधी एकच किरकोळ टेस्ट असलेली फाइल चालवा आणि वेळ बघा. जवळपास तो सगळा वेळ रेल्स (रुबी भाषेतली वेब अ‍ॅप बनवायची चौकट) आणि जेम (रुबीच्या तयार लायब्ररी) लोड होण्यात जातो. निवड त्या आकड्यावर ठरते.

स्प्रिंग लोड झालेलं अ‍ॅप मागे जिवंत ठेवतं आणि दर वेळी फोर्क करून, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढून, त्यातून नवी प्रोसेस काढतं. गुऱ्हाळात चुलवाण एकदा पेटलं की आधणामागून आधण निघतं, तसंच. दिवसभर एकच फाइल पुन्हा पुन्हा चालवणाऱ्याला याचा खरा फायदा होतो. सगळ्या टेस्ट एकत्र चालवताना मात्र लोडिंग मुळात एकदाच होतं, त्यामुळे तिथं फारसं काही वाचत नाही.

स्प्रिंगचा त्रासही सांगतो. मी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (बाहेरून दिलेली सेटिंग) बदलला, पण इनिशियलायझरनं (लोड होताना एकदाच चालणाऱ्या कोडनं) सुरुवातीला वाचलेली जुनीच किंमत धरून ठेवली होती. अर्धा दिवस चूक माझ्या कोडमध्ये शोधत बसलो. मागची प्रोसेस थांबवणारी 'स्प्रिंग स्टॉप' ही आज्ञा दिल्यावर टेस्ट पास झाली. रेल्स ४.१ मध्ये, २०१४ साली, नव्या अ‍ॅपमध्ये स्प्रिंग आपोआप येऊ लागलं. २०२१ च्या रेल्स ७ पासून ते आपोआप येणं बंद झालं. मला तो निर्णय पटतो.

बूटस्नॅप काहीच जिवंत ठेवत नाही. कुठली फाइल कुठं आहे आणि तिचा कंपाइल झालेला बाइटकोड (रुबीला लगेच चालवता येणारं रूप), एवढंच डिस्कवर साठवतं. प्रोसेस दर वेळी कोरी असते, म्हणून शिळ्या स्थितीची भीती नाही. रेल्स ५.२ पासून ते सोबतच येतं. सीआयवर (बदल आला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) त्याची कॅश, म्हणजे हा साठा, जपून ठेवा.

सगळ्या टेस्टना लागणारा वेळ कमी करायचा तर रेल्स ६ मधलं पॅरललाइझ वापरा. अ‍ॅप एकदा लोड होऊन त्याचे फोर्क निघतात आणि प्रत्येकाला स्वतःचा डेटाबेस मिळतो. पण एकाच तात्पुरत्या फाइलवर किंवा रेडिसच्या (मेमरीत डेटा ठेवणाऱ्या साठ्याच्या) एकाच की-वर, म्हणजे एकाच नावाखाली, लिहिणाऱ्या टेस्ट एकमेकींत भांडतात. त्या आधी वेगळ्या करा.

आम्ही बूटस्नॅप आणि पॅरललाइझ सगळीकडे लावलं. बूटस्नॅप असूनही एक टेस्ट सुरू व्हायला चार-पाच सेकंद लागत असतील, तरच स्प्रिंग घ्या, आणि तेही फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर.