दुकानाच्या पाटीला सोनं परत आलं, पण तारीख पाळली नाही

आजोबांच्या काळातली आमची सागवानी पाटी. मागे कुण्या रंगाऱ्यानं सोन्याच्या वरखाच्या अक्षरांवर सोनेरी रंग फासून ठेवला होता. असल्या रंगात पितळेची भुकटी असते, ती काळवंडते. खरं सोनं काळं पडत नाही, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार!

पाटी पेठेतल्या एका वरख लावणाऱ्या कारागिराकडे दिली. त्यानं आधी एका कान्याच्या टोकावर करून दाखवलं. भिंग लावून तो रंग पात्यानं खपली खपलीनं सोडवला, मग धुरकट थर काडीवरच्या कापसानं पुसला, तोही चक्क थुंकीनं ओला करून. आईनं नाक मुरडलं, पण खाली जुना वरख लख्ख निघाला. जिथे तो उडाला होता तिथे जवसाच्या तेलाचा हात, ते नुसतं चिकट उरेपर्यंत थांबणं, आणि पंखा बंद करून २३ कॅरेटचा नवा वरख. वर वार्निश मारायला त्यानं साफ नकार दिला, ते आवडलं.

नवे तुकडे मात्र जरा जास्तच चकाकतात. कबूल केलेली तारीख उलटली, फोनही उचलत नव्हता. पैसे कामाच्या मानानं रास्त. पाटी उतरवायला-चढवायला सुतार आपलाच न्या.